दंड तिजोरीला, जखम वाटसरूला

चिखलीहून खामगावकडे जाणारा रस्ता अमडापूरवरून जातो. शेगावला पायी निघालेले भाविक याच रस्त्याच्या कडेने चालतात. सोयाबीन आणि कापूस भरलेल्या ट्रॉल्या याच रस्त्याने बाजाराला जातात. शाळेची मुले येथेच एस. टी.ची वाट पाहात उभी असतात. आणि दिवस मावळता मावळता मजूर बायांनी भरलेला एखादा ट्रॅक्टर याच रस्त्याने गावाकडे परततो. या रस्त्यावरील कोणत्याही वाहनाचा क्रमांक आज पोलिसाने आपल्या हातातील यंत्रात घातला, तर त्या वाहनाचा विमा चालू आहे की संपून गेला आहे, हे त्यास तेथल्या तेथे कळू शकते. पूर्वी वाहनवाल्याने खिशातून चुरगळलेला कागद काढावा, पोलिसाने तो उलटसुलट करून पाहावा आणि खऱ्याखोट्याचा निवाडा दोघांच्या तोंडाकडे पाहून व्हावा, अशी रीत होती. ती मोडली याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु सरकारला हे कळल्यानंतर सरकार काय करते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे आजचे उत्तर 'चलान फाडते' एवढेच असेल, तर ते आम्हांस मान्य नाही.

ही व्यवस्था मुळात अशी आहे. देशातील वाहनांची नोंद राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने तयार केलेल्या 'वाहन' या संगणकीय दप्तरात असते. विमा कंपन्यांनी उतरविलेल्या मोटारविम्यांची माहिती हैदराबादच्या भारतीय विमा माहिती ब्यूरोकडे जमा होते. ही दोन दप्तरे एकमेकांस ताडून पाहिली, की कोणते वाहन विम्याशिवाय आहे हे समजते. 2018 पासून मोबाइलवरील 'डिजिलॉकर' किंवा 'एम-परिवहन' यांतील कागदही मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरावेत, असे केंद्र सरकारने ठरविले आहे. ओडिशाने 2024 च्या फेब्रुवारीपासून टोलनाक्यांवरच ही तपासणी सुरू केली; नाक्यावरून वाहन गेले आणि त्याचे कागद मुदतबाह्य असले, की चलान आपोआप निघते. यंत्र चोख आहे. यंत्राविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती हेतूच्या विस्मरणाविषयी. आपल्या देशात तिऱ्हाइताचा मोटारविमा 1 जुलै 1946 पासून सक्तीचा झाला. तेव्हाचा कायदा 1939 चा होता. आज 1988 च्या कायद्याच्या कलम 146 मध्ये तीच सक्ती आहे. तिऱ्हाईत म्हणजे कोण? वाहन ज्याचे आहे तो नव्हे, ज्या कंपनीने विमा उतरविला ती नव्हे. तिऱ्हाईत म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणारा भाविक, डोक्यावर भारा घेतलेली मजूर बाई, सायकलवरचा शाळकरी पोरगा. ज्याने विम्याचा करार केला नाही, हप्ता भरला नाही आणि बहुधा विमा हा शब्दही कधी उच्चारला नाही, अशा माणसासाठी ही सक्ती आहे. आपले वाहन मोडले तर ते दुरुस्त करून मिळावे, ही मालकाच्या मर्जीची बाब आहे. कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. दुसऱ्याचा जीव गेला तर त्याच्या मुलाबाळांना चार घास मिळावेत, एवढ्यापुरतीच सक्ती आहे.

या सक्तीचे काय झाले? संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने 2024 च्या फेब्रुवारीत सादर केलेल्या अहवालात, देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्यावाचून असल्याची नोंद केली आहे. या आकड्याविषयी आम्ही थोडे सावध आहोत. दप्तरातील पुष्कळ वाहने केव्हाच भंगारात गेली आहेत. कित्येकांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली स्कूटर दप्तरात अजून धावते आहे. तथापि ही सूट देऊनही जे उरते ते भयंकरच आहे. आणि ते कोठे उरते हेही उघड आहे. मालमोटार किंवा बस यांना योग्यता प्रमाणपत्रासाठी आणि परवान्यासाठी वारंवार परिवहन कार्यालयाची पायरी चढावी लागते. तेथे विमा विचारला जातो. मोटारसायकलीचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीस तीन वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा विकतेवेळीच घ्यावा लागतो. हा आदेश फार चांगला झाला. परंतु दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पहिली पाच वर्षे सरली, की उरलेली दहा वर्षे त्या वाहनाला विम्याविषयी विचारणारे एकही दार लागत नाही. त्या दहा वर्षांत ती गाडी दोनदा विकली जाते, गावातून वाडीत जाते आणि बापाकडून मुलाकडे येते. विम्याची आठवण मात्र कोणाबरोबरच जात नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आणि अधिक दुःखाची. त्याचा विमा पुष्कळदा असतो, पण तो शेतीच्या कामासाठी असतो. त्या ट्रॉलीत वऱ्हाड बसविले किंवा निंदणीच्या बाया बसविल्या, की कंपनीचा वकील न्यायाधिकरणापुढे उभा राहून सांगतो, की ही माणसे विमापत्रात नाहीत. कधी ट्रॉलीचा स्वतंत्र विमाच नसतो. पोलिसाच्या यंत्रात 'विमा चालू' अशी अक्षरे उमटतात आणि तरीही ट्रॉलीतल्या माणसांपुरता तो नसल्यासारखाच असतो. हे कोणते यंत्र सांगणार?

समजा, उद्या संध्याकाळी अमडापूरच्या वेशीपाशी एका विमा नसलेल्या मोटारसायकलीने एका मजुराला उडविले आणि तो गेला. मोटारसायकलवाला पळून गेला आणि त्याचा कधीच तपास लागला नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे मृताच्या कुटुंबास सरकारी निधीतून 2 लाख रुपये मिळतात. परंतु तो पळाला नाही, माणुसकीने थांबला, जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला आणि पोलिसांना आपले नाव त्याने स्वतः सांगितले, तर वाहनाची ओळख पटली म्हणून ही 2 लाखांची योजना त्या कुटुंबास लागू होत नाही. मग त्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावावा, वर्षे मोजावीत आणि हाती आलेला हुकूमनामा त्या मोटारसायकलवाल्याच्या दीड एकर कोरडवाहू रानावर बजावावा. कायद्याप्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे एक घर अपघाताने बसले, दुसरे वसुलीने बसेल. आणि दोन्ही घरे मिळूनही ती रक्कम उभी राहील की नाही याची शंकाच आहे. अपघातातील विमाहीन वाहन जप्त करून, विकून, ते पैसे न्यायाधिकरणात भरावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना बजावले होते. बारा वर्षे जुन्या मोटारसायकलीच्या लिलावात काय येणार, हे ज्याने असा लिलाव एकदा पाहिला आहे त्यास सांगावयास नको. पळणाऱ्याकडून मेलेल्याच्या घराला 2 लाख आणि थांबणाऱ्याकडून काहीच नाही, असा हा न्याय आहे!

एक गोष्ट मात्र सरकारने चांगली केली, ती नोंदविली पाहिजे. 2025 च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न मागता उपचार करण्याची योजना लागू झाली. वाहनाचा विमा असला तर खर्च विम्याच्या खात्यातून, नसला तर सरकारी निधीतून. जखमीला दारात उभे करून विम्याची चौकशी करू नये, हे त्यामागचे तत्त्व आहे. हेच तत्त्व आठव्या दिवसानंतर का संपावे?

आता दंडाकडे पाहू. विम्याशिवाय वाहन चालविणाऱ्यास कायद्याने पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड 4,000. आणि गावोगाव दिसणाऱ्या, पंचाहत्तर ते दीडशे सी. सी.च्या मोटारसायकलीसाठी केंद्र सरकारने 2022 च्या जूनपासून ठरविलेला तिऱ्हाइताच्या विम्याचा मूळ हप्ता वर्षाला 714 रुपये, वर कर. दिवसाला दोन रुपयेही पडत नाहीत. सरकार चौकात गाडी अडविते, 2,000 रुपये लिहिते आणि गाडी सोडते. ती गाडी अडविण्यापूर्वी विम्याशिवाय होती, सोडल्यानंतरही विम्याशिवायच आहे. दंडाच्या पैशांत जवळजवळ तीन वर्षांचा मूळ हप्ता भरला गेला असता. ते पैसे तिजोरीत गेले. पुढच्या वळणावरच्या वाटसरूला त्यांतला एक पैसाही संरक्षण म्हणून मिळाला नाही. ज्याच्यासाठी कायदा केला तोच या व्यवहारात कोठे नाही.

कोणी म्हणेल, दंडाच्या भीतीने लोक विमा उतरवतील. काही उतरवतील, हे खरे. पण भीती ज्या रस्त्यावर कॅमेरा किंवा पोलीस असेल तेवढ्याच रस्त्यावर लागू पडते. टोलनाका शेतरस्त्यावर नसतो, पांदणीवर नसतो. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर बस पेटून 25 माणसे जळून गेली, तेव्हा सारा देश बुलढाणा जिल्ह्याकडे पाहू लागला. (त्या बसच्या विम्याविषयी येथे आम्हांस काहीच सुचवावयाचे नाही.) परंतु जिल्ह्यातील गावरस्त्यांवर एकेकटी माणसे मरतात, तेव्हा कोणी मंत्री येत नाही आणि कॅमेराही लागत नाही.

आणि वाहन दिसण्याची वाट तरी का पाहावी? ब्रिटनने 2011 पासून ही वाट सोडली. तेथे वाहनांचे दप्तर आणि विम्याचे दप्तर परस्परांशी ताडून ज्याचा विमा संपला त्याच्या घरी आधी पत्र जाते. त्यानेही ऐकले नाही तर मग दंड. वाहन चालवायचेच नसेल तर 'रस्त्यावर नाही' असे मालकाने कळवावे आणि मोकळे व्हावे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. 1946 साली, म्हणजे आपल्याकडे सक्ती सुरू झाली त्याच वर्षी, तेथील विमा कंपन्यांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. विमा नसलेल्या वाहनाने कोणाला इजा केली तर भरपाई ती संस्था देते आणि मागाहून दोषी मालकाकडून वसूल करते. आपण त्या वर्षी सक्ती घेतली. ही दुसरी गोष्ट मात्र मागेच राहिली, ती आजतागायत.

आमचे म्हणणे असे आहे. दप्तर सरकारच्या हाती आहे. त्याला उद्या कोणाचा विमा संपणार हे आजच ठाऊक असते. मग विमा संपण्याच्या महिनाभर आधी मराठीत, साध्या शब्दांत, मालकाला कळवा. मोबाइल क्रमांक चुकीचा असेल, गाडी विकली गेली असेल, तर ग्रामपंचायतीत आणि आपले सरकार केंद्रात ती नोंद फुकट दुरुस्त करण्याची सोय करा. कारण या दप्तरात चुका थोड्या नाहीत. ज्याने पाच वर्षांपूर्वी गाडी विकली त्याच्या नावावर चलान यावे, ज्याने हप्ता भरला पण एक आकडा चुकीचा टंकला गेला त्याला चोर ठरवावे, हा अन्याय यंत्राने केला म्हणून सौम्य होत नाही. उच्च सुरक्षा क्रमांकपट्ट्यांचेच पाहा ना! 2025 मध्ये राज्यात त्यांच्या मुदतीमागून मुदती वाढल्या. पट्टीच अजून धड नाही तेथे पट्टी वाचणाऱ्या यंत्रावर सारा भरवसा टाकणे घाईचे होईल.

चलान निघाल्यावर पंधरा दिवसांत त्या वाहनाचा विमा उतरविला, तर पहिल्या वेळचा दंड नाममात्र व्हावा. ज्यास एकरकमी हप्ता जड जातो त्यास पिकाच्या हंगामात भरण्याची मुभा कंपन्यांनी द्यावी. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी, मजुरांची ने-आण होते हे उघड सत्य मान्य करून, रास्त हप्त्याचे विमापत्र निघावे. नियमात ती ने-आण बसत नाही असे अधिकारी सांगतील. ती ने-आण रोज होते, आणि अपघातही नियम पाहून होत नाहीत. आणि ओळख पटलेल्या परंतु विमाहीन वाहनाने मारलेल्या माणसाच्या घराला निदान तेवढी तरी रक्कम त्याच सरकारी निधीतून आधी द्यावी, जेवढी पळून गेलेल्या वाहनाने मारलेल्याच्या घराला मिळते; मालकाकडून वसुली सरकारने मागाहून करावी. वसुलीची ताकद विधवेपेक्षा सरकारपाशी अधिक आहे.

गरिबाने विमा कोठून उतरवावा, असे विचारणारे पुढारी आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे, की त्या मोटारसायकलीखाली सापडणारा कोण असतो?

एम. एच. 28 हा बुलढाणा जिल्ह्याचा क्रमांक. या क्रमांकाच्या किती दुचाकींचा आणि किती ट्रॅक्टरांचा विमा आज संपलेला आहे, हा आकडा परिवहन खात्यास हवा तर एका दिवसात काढता येईल. कोणाचे नाव नको, पत्ता नको. नुसता तालुकानिहाय आकडा हवा, आणि त्याच्या शेजारी, गेल्या वर्षी विमा नसल्याबद्दल याच जिल्ह्यात किती दंड वसूल झाला आणि त्यांपैकी किती वाहनांचा विमा पुढे उतरला, हे दोन आकडे हवेत. परिवहन मंत्र्यांनी हे तिन्ही आकडे विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत आणि बुलढाण्याच्या आमदारांनी ते मागावेत.