यंत्र आणि संसार : तासांचा हिशेब

आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या प्रत्येक चौकोनांत बारीक अक्षरांत दुधाचे आंकडे, गॅसची टाकी लावल्याची खूण, इस्त्रीच्या कपड्यांची संख्या, इतकेंच नव्हे तर एकादशीचा उपास कोणी मोडला याचीहि नोंद सांपडते. एखाद्या दिवशीं अर्धा लिटर दूध कमी आलें, तर महिनाअखेर गवळ्याच्या हिशेबांतून तें वजा झाल्यावांचून राहत नाहीं. त्याच घराच्या मागील अंगणांत एक ट्रॅक्टर उभा असे. कुटुंबाची सारी ऊसशेती त्याच्यावर अवलंबून होती. परंतु त्यानें वर्षांत किती काम केलें, याची नोंद घरांत कोठेंहि नव्हती. लहान गोष्टींचा हिशेब चोख आणि मोठ्या गोष्टींचा अंदाजपंचें, ही आपल्या सुशिक्षित घरांची जुनी खोड आहे. त्या खोडीची किंमत आमच्या घराला मोजावी लागली, ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

आमचे थोरले बंधु शिक्षकी पेशांतून निवृत्त झाल्यापासून कऱ्हाडजवळ कृष्णाकांठीं आमच्या गांवीं शेती पाहतात. ट्रॅक्टर वडिलांनीं १९८२ सालीं घेतलेला. चार सिलिंडरांचा, पस्तीस अश्वशक्तीचा. त्याच्या फलकावरील तास दाखविणारें मीटर कित्येक वर्षांपूर्वींच बंद पडलें होतें, आणि त्यामुळें कोणाचें कांहीं अडतहि नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं माघांत, उसाची वाहतूक ऐन भरांत असतां, तेलाच्या दाबाचा कांटा खालीं येऊं लागला आणि इंजिनांतून ठोक्यांचा आवाज ऐकूं येऊं लागला. मिस्त्रींनीं चेंबर उतरवून पाहिलें, तों क्रँकशाफ्टचीं बेअरिंगें पार झिजलेलीं, आणि तेल म्हणजे निव्वळ काजळी!

मिस्त्रींनीं एकच प्रश्न केला, “गुरुजी, ऑईल कधीं बदललं होतं?”

“अलीकडेच. दसऱ्याच्या सुमारास,” बंधु म्हणाले.

“नाहीं बाबा, गणपतींत,” पुतण्या म्हणाला.

दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नव्हतें. माणसाची स्मृति स्वतःच्या सोयीनें चालते, एवढाच त्याचा अर्थ. वाद वाढणार, तोंच वहिनी आंतून दोन दिनदर्शिका घेऊन आल्या. डिझेलचे पैसे त्यांच्या हातून जात. त्यामुळें प्रत्येक कॅनची नोंद तेथें होती, आणि तेलाच्या डब्याचीहि. तेल गणपतींतच बदललें होतें. तेव्हांपासून आणलेल्या डिझेलची बेरीज १,४७० लिटर भरली. हलकें व जड काम मिळून तासाला सरासरी साडेतीन लिटर धरले, तर ट्रॅक्टर ४२० तास चाललेला. आणि माहितीपुस्तकाप्रमाणें तेल बदलावयाचें २५० तासांनीं! “एका खेपेनं एवढं होत नाहीं,” मिस्त्री म्हणाले, “पण अशा खेपा वर्षानुवर्षं झाल्या असतील.” बंधूंनीं मान खालीं घातली. क्रँकशाफ्ट घांसून आणून नवीं बेअरिंगें बसवीपर्यंत तीन आठवडे गेले. ऊस वाळत होता, आणि वाहतुकीसाठीं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला भाडें द्यावें लागलें.

येथें कोणी विचारील कीं, दर तीन महिन्यांनीं तेल बदलण्याचा साधा नियम कां करूं नये? कारण महिना हें माप ट्रॅक्टरला लागूच पडत नाहीं. उसाच्या हंगामांत दिवसाला बारा तास राबणारा ट्रॅक्टर २१ दिवसांत २५२ तास पुरे करतो. तोच पावसाळ्यांत आठवडेच्या आठवडे ताडपत्रीखालीं उभा असतो. मोटारीप्रमाणें किलोमीटर मोजावे, तर मळणीयंत्र चालवितांना चाक इंचभरहि हलत नाहीं, आणि इंजिन मात्र दिवसभर राबत असतें. म्हणून ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकांत देखभालीचे टप्पे तासांतच दिलेले असतात. तेलाची पातळी दर १० तासांनीं, म्हणजे रोजच पहावयाची. वंगणाचीं कांहीं कामें ५० तासांनीं. तेल आणि त्याची गाळणी त्याहून लांबच्या टप्प्यावर. नेमके आंकडे प्रत्येकानें आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकांत पहावे; शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून ठरवूं नयेत.

पूर्वीं लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र ठेवीत. घरांत कोणी काम करो अथवा झोप काढो, चोवीस मिनिटांनीं तें बुडावयाचेंच. तासांचें मीटर याच्या नेमकें उलट असावें लागतें. इंजिन चालू असेल तेवढाच काळ त्यानें मोजावा, आणि इंजिन थांबलें कीं त्यानेंहि थांबावें. हें ऐकण्यास सोपें वाटतें. परंतु जुन्या ट्रॅक्टरवर तें साधणें तितकेंसें सोपें नाहीं, हें आम्हीं अनुभवानें शिकलों.

जुनीं मीटरें केबलवर चालत. फोर्डच्या १९५३ च्या ट्रॅक्टरवरील ‘प्रूफ-मीटर’ किंवा १९५६ सालीं इंग्लंडांत निघालेल्या फर्ग्युसन ३५ वरील ‘ट्रॅक्टरमीटर’ हीं याच जातीचीं. तीं वस्तुतः वेळ मोजीत नाहींत. इंजिनचे फेरे मोजतात. समजा, मिनिटाला १,५०० फेरे ही कामाची गति धरून मीटर आंखलें आहे. मग ९०,००० फेरे झाले कीं एक तास नोंदला जाईल. तेंच इंजिन ७५० फेऱ्यांवर निवांत चालत ठेवलें, तर घड्याळांत दोन तास जातील आणि मीटरवर एकच पडेल. यांत लबाडी कांहीं नाहीं. झीज फेऱ्यांबरोबर होते, हा त्यामागील विचार. ज्यांच्या ट्रॅक्टरची केबल तेवढी तुटली असेल, त्यांनीं नवी केबल घालून जुनें मीटर चालू करणें हाच उत्तम मार्ग होय. आमच्या ट्रॅक्टरवर केबलला गति देणारें चाकहि झिजलें होतें. म्हणून विजेचें मीटर घ्यावें लागलें.

हें मीटर सुमारें ५२ मिलिमीटर व्यासाचें, गोल असतें. आंत घड्याळांतल्यासारखा स्फटिक असतो. मनगटी घड्याळांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. त्या कंपांच्या मोजणीवरूनच वेळ ठरते. या मीटराला फेऱ्यांशीं कर्तव्य नाहीं. वीज मिळाली कीं तें मोजूं लागतें, वीज तुटली कीं थांबतें. शेवटचा आंकडा बहुधा बिंदूनंतरचा किंवा वेगळ्या रंगाचा असतो. तो तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटें दाखवितो. तो न ओळखल्यास ३४५ तासांचे ३,४५६ होतात.

तेव्हां खरा प्रश्न एवढाच उरतो कीं, मीटराला वीज द्यावी कोठून? आमच्या पुतण्यानें उत्साहानें ती किल्लीच्या स्विचवरून दिली. तीन दिवस सर्वांना मोठें कौतुक वाटलें. चौथ्या दिवशीं सकाळीं पाहतों, तों ट्रॅक्टरनें रात्रींत नऊ तास काम केलेलें! किल्ली चालू राहिली होती. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. म्हणून किल्ली फिरवितांच तें थांबतें. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. जुन्या ट्रॅक्टरांत तें बंद करावयाचें तें डिझेल तोडणारी दांडी ओढून. किल्ली विसरली तरी इंजिन थांबतें. आणि उलटहि घडतें: इंजिन चालू असतां किल्ली कोणी बंद केली, तर इंजिन चालत राहतें आणि मीटर मात्र थांबतें. याच कारणानें, ठिणगीच्या तारेला वेढा देऊन बसविण्याचीं जीं स्वस्त मीटरें पेट्रोलच्या लहान इंजिनांसाठीं मिळतात, त्यांचा डिझेलला कांहीं उपयोग नाहीं.

इंजिन खरोखर चालत आहे कीं नाहीं, हें निश्चित सांगणारी खूण म्हणजे तेलाचा दाब. म्हणून मिस्त्रींनीं दाबाच्या नळीवर एक तिवाटी जोड घालून तेथें मीटरासाठीं निराळा स्विच बसविला. येथें एक सावधगिरी हवी. फलकावरील तेलाचा तांबडा दिवा ज्या स्विचवर लागतो, तो दाब नसतांना जोडलेला असतो आणि दाब येतांच तुटतो. तोच मीटराला जोडला, तर इंजिन थांबलेलें असतां मीटर चालेल! मीटराला याच्या उलट जातीचा, दाब आल्यावर जोडला जाणारा स्विच पाहिजे. बॅटरीकडून आलेली तार लहानशा फ्यूजमधून मीटराच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाची तार या स्विचला. आणि स्विचच्या अंगावाटे वीज ट्रॅक्टरच्या सांगाड्यांत. झाली जोडणी. ज्यांना नळीला हात लावावयाचा नसेल, त्यांनीं अल्टरनेटरवरील, भारणीचा दिवा जेथें जोडतात त्या टोकावरून वीज घ्यावी. मात्र पट्टा तुटला कीं मीटरहि थांबेल, हें ध्यानांत ठेवावें.

काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडावी. १९६० पूर्वींच्या पुष्कळ इंग्रजी ट्रॅक्टरांत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असतें. तेथें मीटराचीं टोकें उलटीं लावावीं लागतात, आणि बॅटरी सहा व्होल्टची आहे कीं बारा, हेंहि पहावें. मीटर धक्के कमी बसतील आणि धुण्याचें पाणी पोंचणार नाहीं अशा जागीं, रबराच्या चकत्या घालून बसवावें. शेवटीं परीक्षा घ्यावी. मनगटावरील घड्याळ लावून इंजिन एक तास चालवावें. मग तें थांबवून, किल्ली मुद्दाम चालू ठेवून, आंकडा स्थिर राहतो कीं नाहीं तें पहावें. या दोन्ही परीक्षांत उतरलें तरच मीटर खरें समजावें.

मीटर बसलें त्या दिवशीं त्यावर शून्य होतें. यंत्राचें वय मात्र शून्य नव्हतें. वहिनींनीं एक वही घातली आणि पहिल्या पानावर लिहिलें: “आज मीटर ०. त्यापूर्वीं अंदाजें ९,००० तास. इंजिनचें काम नुकतेंच झालें.” पुढें प्रत्येक वेळीं तेल, गाळणी, पट्टा, जें बदललें तें मीटरच्या आंकड्यासह त्यांत येऊं लागलें. शेजारचे लोक मळणीसाठीं ट्रॅक्टर भाड्यानें नेत. त्यांच्याशीं दर वर्षीं होणारी घासाघीसहि आपोआप संपली, कारण जातांनाचा व येतांनाचा आंकडा दोघांच्याहि डोळ्यांसमोर असे. बंधूंनीं एकदां मजजवळ कबूल केलें कीं, पूर्वीं आपण अंदाज करीत होतों तेव्हां तो नेहमीं आपल्याच बाजूला झुकत होता.

गेल्या वैशाखांत बंधूंनीं ट्रॅक्टर विकावयाचा ठरविला. पुतण्या नोकरीस गेला होता, आणि त्यांच्यानें आतां तो चालवणें होत नव्हतें. एक तरुण शेतकरी पाहावयास आला. त्यानें इंजिन ऐकलें, तेल पाहिलें. मग मीटराकडे दृष्टि जातांच त्याचा चेहरा उजळला. “गुरुजी, सहाशे बाराच तास? मीटर ओरिजिनल दिसतंय!” आणि त्यानें जी किंमत सांगितली ती आमच्या अपेक्षेहून अधिक होती. बंधु कांहीं बोलले नाहींत. मीहि बोललों नाहीं. आम्हीं खोटें बोललों नव्हतों, अशी मनाची समजूत घालण्यास ते दोन क्षण पुरेसे होते.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं तबक खालीं ठेवलें, आंत गेल्या आणि वही आणून बंधूंच्या हातीं दिली. “अहो, ही द्यायची राहिली ना?” एवढेंच त्या म्हणाल्या.

बंधूंनीं पहिलें पान उघडून त्या तरुणापुढें धरलें. त्यानें तें दोनदां वाचलें, पुढचींहि पानें चाळलीं, आणि किंमत पंधरा हजारांनीं खालीं आणली. व्यवहार त्याच किंमतीस झाला. ट्रॅक्टर नेतांना त्यानें वही मागून घेतली. रात्रीं जेवतांना मीं त्या पंधरा हजारांचा विषय काढला, तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मीटर आपण बसवलं तें स्वतःला फसवायचं थांबावं म्हणून. त्यानंच दुसऱ्याला फसवायचं म्हणजे मग तें न बसवलेलंच बरं होतं.” बंधु पानांतील भात कालवीत राहिले, पण त्या रात्रीं त्यांना झोप चांगली लागली, हें त्यांनींच मला सकाळीं सांगितलें.

ज्या वाचकांचा शेतीशीं संबंध नाहीं, त्यांनींहि या लेखावरून एक काम करावें. पुण्यामुंबईच्या पुष्कळ सोसायट्यांत वीज गेल्यावर चालणारें डिझेलचें जनित्र असतें, आणि त्यावर तासांचें मीटर बहुधा बसविलेलेंच असतें. तें वाचून कोणी वहींत लिहितो काय, शेवटचें तेल कितव्या तासाला बदललें, हें येत्या सभेंत विचारावें. उत्तर “अलीकडेच” असें आलें, तर समजावें कीं वही घालण्याची वेळ झाली आहे.