जितके ग्रुप, तितकी गिऱ्हाइकं?

देवगाव रंगारी, कन्नड, लासूर या पट्ट्यात कुणी नवं अवजार तयार केलं किंवा मसाल्याचं पाकीट बाजारात आणलं, की सल्ला ठरलेला असतो: "फोटो काढा अन् सगळ्या ग्रुपवर टाका." सल्ला फुकट मिळतो म्हणून तो कुणी तपासत नाही. तपासायला हवा, कारण नव्या मालाची पहिली ओळख एकदाच होते.

पहिला दावा असा की जितके ग्रुप, तितकी गिऱ्हाइकं. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात हे खरं. पण गावचा ग्रुप, वर्गमित्रांचा, पुढाऱ्याचा, सोयरिकीचा अशा सगळ्यांत फिरून फिरून तीच माणसं भेटतात. दहा ग्रुपवरची जाहिरात दहापट लोकांना दिसत नाही, त्याच लोकांना दहा वेळा दिसते. शिवाय २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात व्हॉट्सॲपवर पसरलेल्या अफवेपायी पाच जणांचा जीव गेला आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. सगळीकडे फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका, हे तेव्हापासून लोकांना सांगितलं जातंय. तुमची जाहिरात त्याच रांगेत कशाला उभी करता?

दुसरा दावा मोठ्या मंचाचा. शहरातले सल्लागार 'प्रॉडक्ट हंट', 'रेडिट' अशा संकेतस्थळांची नावं घेतात. इंग्रजीतलं ॲप बनवलं असेल तर जरूर जा. तिथं अशा वस्तू पारखणारे लोक आहेत. पण अद्रक धुण्याचं यंत्र तिथं मांडलं तर कौतुक मिळेल, मागणी येणार नाही.

तिसरा दावा सर्वांत गोड: आपल्या ओळखीच्या ग्रुपवर टाका, आपली माणसं पाठीशी राहतील. राहतात, अंगठे दाखवून. "लई भारी" म्हणणाऱ्या पाहुण्याला यंत्रातली खोट दिसली तरी तो भिडेखातर बोलत नाही. आणि घेतलंच तर उधारीवर.

मग निवडायचं काय? माझं म्हणणं एवढंच: जिथं तुमच्या मालाची खोट तोंडावर सांगितली जाईल, तो समूह निवडा.

अद्रकीचंच घ्या. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री इथल्या उत्पादकांना आणि साताऱ्याकडच्या आले-उत्पादकांना प्रश्न सारखेच पडतात: कंदकूज कशानं आली, बेणं कुठलं घ्यावं, काढणीला मजूर मिळतील का. ज्या समूहात असे प्रश्न दर हंगामात येतात आणि "हे औषध मारलं, पैसे वाया गेले" असं उघड लिहिलं जातं, तिथं तुमच्या यंत्राची खरी परीक्षा होईल. सदस्य तीनशे असले तरी पुरे. मात्र तिथं आधी वावरा, दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, ॲडमिनची परवानगी घ्या आणि माल आपलाच आहे हे स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक बनून स्वतःचीच स्तुती करणं ही फसवणूक आहे. अजून एक: यंत्र बिघडल्यावर तुमचा माणूस जिथवर पोचू शकतो, तिथवरचाच समूह आधी घ्या.

यावर कुणी म्हणेल, हा रस्ता फार संथ आहे. आहेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. नुसता खप वाढवायचा असता तर पत्रकं वाटून भागलं असतं. पण शंका पत्रकानं फिटत नाही, शेतात नांगर चालताना पाहून फिटते. पुढं १९२० मध्ये याच घराण्यातल्या शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं ते पत्र पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि महाराष्ट्रभर वाचलं गेलं, कारण त्यात नांगरापलीकडचंही वाचायला मिळत होतं. गिऱ्हाइकाआधी वाचक जोडला, हे त्यांचं शहाणपण.

म्हणून नव्या उद्योजकांना सांगणं आहे: फोटो टाकण्याआधी एका समूहातलं मागच्या हंगामाचं बोलणं नीट वाचा. तुमची वस्तू ज्या अडचणीवर उपाय म्हणून बनली, ती अडचण तिथं कुणीच मांडली नसेल, तर समूह बदला. दुसऱ्या, तिसऱ्या समूहातही ती सापडली नाही, तर वस्तू बदला.