विश्लेषण : जुन्या कपड्यांतून नवा धागा, तेल्हाऱ्याच्या पदरात काय पडणार?

तेल्हारा तालुक्यातील कापूस वेचणीनंतर जिनिंगमध्ये जातो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी. रुईच्या सुमारे १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि दूरच्या सूतगिरण्यांकडे रवाना होतात. पुढे तोच कापूस शर्ट, साडी, चादर होऊन इथल्याच बाजारात विकायला येतो. काही वर्षांनी त्याची चिंधी होते आणि ती उकिरड्यावर जाते. या चिंधीतून पुन्हा धागा काढण्याचा उद्योग आता जगभर उभा राहत आहे. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाने याही वेळी केवळ बघत राहायचे का?

कचरा किती?

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ मधील अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापड-कचरा जमा होतो. जगातील एकूण कापड-कचऱ्याच्या तो साडेआठ टक्के आहे. त्यातील निम्मा घरांतून टाकलेल्या कपड्यांचा, ४२ टक्के गिरण्या व शिलाई कारखान्यांतील कातरणाचा आणि उरलेला परदेशातून आलेला. यापैकी ५९ टक्के माल वापरून किंवा प्रक्रिया करून पुन्हा कापड व्यवसायात येतो. बाकीचा जाळला जातो, निकृष्ट कामाला लागतो किंवा कचरा डेपोत पडतो.

आपली जुनी रीत का मोडली?

वऱ्हाडात कपडा कधी वाया जात नव्हता. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी व्हायची, बोहारीण कपड्यांवर भांडी द्यायची, पिंजारी गादीतला दबलेला कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. ही साखळी सुती कापडावर उभी होती. आता बहुतांश स्वस्त कपड्यांत पॉलिस्टर असते. ते घाम शोषत नाही, त्यामुळे त्याची गोधडी अंगाला नकोशी होते आणि लादी पुसायलाही त्याचा उपयोग नसतो. ‘टेक्सटाइल एक्स्चेंज’च्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात तयार झालेल्या धाग्यांत पॉलिस्टरचा वाटा ५७ टक्के होता, कापसाचा जेमतेम २० टक्के.

चिंधीतून धागा कसा निघतो?

पहिली पद्धत यांत्रिक. कपडे रंगानुसार वेगळे करतात, बटणे व चेन कापून काढतात. मग दातेरी रुळांच्या यंत्रात कापड फाडून त्याचे पुन्हा तंतू करतात आणि ते पिंजून सूत काततात. रंग आधीच जुळवलेला असल्याने रंगाईचे पाणी व रसायने वाचतात. हरियाणातील पानिपत हे या धंद्याचे मोठे केंद्र. तिथे ब्लँकेट, सतरंज्या, पायपुसणी असा माल बनतो. जे तंतू कातले जात नाहीत, ते गाद्यांत किंवा वाहनांतील आवाजरोधक नमद्यांत जातात. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागदही करून दाखवला आहे.

दुसरी पद्धत रासायनिक. यात सुती कापडातील सेल्युलोज विरघळवून त्याचा नवा धागा ओढतात. त्याचा दर्जा चांगला असतो, पण खर्च मोठा. स्वीडनमधील ‘रिन्यूसेल’ कंपनीने असा कारखाना उभारला, मात्र पुरेशी मागणी न आल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्र असून भागत नाही, माल घेणारा लागतो, हा त्यातला धडा.

अडचण कुठे आहे?

कापूस व पॉलिस्टर एकत्र विणले की ते वेगळे करणे अवघड. शिवाय फाडताना तंतू आखूड होतात, धागा कमजोर होतो. म्हणूनच जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडाच होण्याचे प्रमाण जगात एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यातच चिंध्या फाडण्याच्या कामात धूळ प्रचंड उडते. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे गिरणी कामगारांनी पूर्वीच भोगले आहे. कामगाराचा श्वास कोंडून केलेल्या पुनर्वापराला पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही.

यामुळे कापसाचा भाव पडेल का?

ही शंका रास्त आहे. पण आखूड तंतूंना बळ देण्यासाठी त्यात नवा, लांब धाग्याचा तंतू मिसळावाच लागतो. तो कापूस असावा की पॉलिस्टर, हा खरा प्रश्न. निव्वळ सुती कपडा पुन्हा वापरात आणणे मिश्र कपड्यापेक्षा सोपे असते. पुनर्वापराचे नियम कडक झाले, तर कापसाचे हे बलस्थान बाजारात मोजले जाऊ शकते. शेतकऱ्याला भीती हवी ती चिंधीची नव्हे, पॉलिस्टरची.

इथे काय करता येईल?

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले. फ्रान्सने तर २००७ मध्येच कपडे विकणाऱ्या कंपन्यांवर त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली. आपल्याकडे प्लास्टिक व ई-कचऱ्याबाबत उत्पादकांना जबाबदार धरले जाते, तोच न्याय कपड्यांनाही हवा.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे एक हजार एकरांवरील पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० वरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. या पार्कमध्ये कातरण व जुन्या कपड्यांच्या वर्गीकरणासाठी, धूळ शोषणाऱ्या यंत्रणेसह, आताच जागा राखली पाहिजे. इमारती उभ्या राहिल्यावर कोपरा शोधण्यात अर्थ नाही.

तेल्हाऱ्यात कारखाना येण्याची वाट बघायची गरज नाही. नगर परिषदेने महिन्यातून एक दिवस कोरडे, धुतलेले कपडे वेगळे घ्यावेत. ओल्या कचऱ्यात मिसळलेली चिंधी कुणाच्याच कामाची राहत नाही. शिंप्यांकडचे कातरण गोळा करावे. घालण्याजोगे, निव्वळ सुती आणि मिश्र अशी निवड करण्याचे काम बचत गटांना मोबदला ठरवून द्यावे. निवडलेल्या मालालाच भाव मिळतो, हे कापसाची प्रतवारी बघत मोठ्या झालेल्या गावाला शिकवावे लागत नाही.

रुईच्या गाठी बाहेर गेल्या आणि नफाही त्यांच्याबरोबर गेला, हा वऱ्हाडाचा जुना अनुभव आहे. चिंधीच्या बाबतीत तो पुन्हा येऊ द्यायचा नसेल, तर सुरुवात घरातल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यापासूनच करावी लागेल.