चुकलेलं नाणं की कापलेलं?

गेल्या आठवड्यात चेरीतालच्या आमच्या गल्लीतल्या काकूंनी स्टीलचा एक रुपया माझ्या हातावर ठेवला. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. "भाऊ, फोनवरचा माणूस म्हणतो लाख रुपये देतो, फक्त आधी नोंदणीची फी भरा." काकूंना म्हटलं, फी अजिबात भरू नका; आधी हे टांकसाळीतूनच असं आलंय की बाहेर कुणी कापलंय, ते बघू.

अशा नाण्याची तुटकी जागा नव्हे, तिच्या बरोबर समोरची कड बघायची. पत्र्याच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या पाडताना पट्टी पुरेशी सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर अर्धवट बसतो आणि चकती कोर गमावूनच खाली पडते. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात तुटक्या बाजूला दाबायला काही नसतं, त्यामुळे समोरची कडही नीट उठत नाही. काकूंच्या नाण्याची समोरची कड पुसट, चपटी होती. म्हणजे चूक टांकसाळीचीच. कानस किंवा कात्री चालवलेली असती, तर ती कड शाबूत राहिली असती.

चकती बिघडली, ठसा बिघडला की ठोका चुकला, हे ओळखणं म्हणजेच नाण्याची पारख. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. नख फिरवा: रेघ वर आलेली असेल तर तडा, खोल असेल तर नुसता ओरखडा. ठसा सैल होऊन फिरला, तर नाणं उभ्या अक्षावर पलटल्यावर मागचा छाप तिरपा किंवा थेट उलटा दिसतो. दोन-चार अंशांचा फरक मात्र नेहमीचाच, त्याला मोल नाही.

सगळ्यात देखणी चूक म्हणजे लखी. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी ते नाणंच आदळतं. मग एका बाजूला छाप नेहमीसारखा, तर दुसऱ्या बाजूला तोच छाप आत दबलेला आणि आरशातल्यासारखा उलटा. नकली लखी दोन नाणी शेगड्यात आवळून करतात. तिथेही उलटा छाप उमटतो, पण पाठीमागची बाजू दाबाने चेपते. खऱ्या लखीची ती बाजू टवटवीत असते.

ग्वारीघाटावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नर्मदेतून नाणी काढतात. पाण्याने झिजलेली, खड्डे पडलेली ती नाणी 'पातळ चकतीची चूक' म्हणून विकायला येतात. तो पाण्याचा परिणाम आहे, टांकसाळीचा नाही. वर्षाखाली टांकसाळीची खूण नाही, हीही चूक नव्हे: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं. रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणंही चुकीचं नाही. ते चिन्ह नाण्यांवर २०११पासून आलं. तरी दुकानदार ती नाणी नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध असल्याचं सांगावं लागलं.

शिवराईला तर हा हिशेब लावूच नये. हाताने ठोकलेल्या त्या तांब्याच्या नाण्यांवर 'छत्रपति' अर्धवट उमटणं हे नेहमीचंच होतं, कारण ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्याला चूक म्हणणं म्हणजे त्या कारागिरावर अन्याय आहे.

घरात असं नाणं सापडलं तर चिंच-राखेने घासू नका. घासलं की पारखायला काही उरत नाही. कागदाच्या पुडीत ठेवा आणि जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. आणि फी मागणाऱ्याचा फोन लगेच बंद करा. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपण नसतो आणि त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलेलं आहे.