कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

वस्तू विकत घेतली की ती घेणाऱ्याची झाली, असे बाजाराचे शास्त्र सांगते. खाजगी मालमत्तेच्या पावित्र्याचे गोडवे गाताना भांडवलशाहीचे भाट कधी थकत नाहीत. परंतु कष्टकऱ्याने महिन्या-दोन महिन्यांच्या मजुरीतून घेतलेल्या मोबाईल फोनपाशी हे पावित्र्य एकाएकी संपुष्टात येते. फोन त्याच्या खिशात असतो. पण त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालावी, तिची नवी आवृत्ती किती वर्षे मिळावी आणि कोणत्या दिवसापासून तो धडधाकट फोन 'जुना' ठरावा, हा निर्णय मात्र हजारो मैलांवरील कंपनी घेते. मालकी एकाची आणि सत्ता दुसऱ्याची, अशी ही अजब मालमत्ता आहे.

हे घडते कसे, ते आधी समजावून घेतले पाहिजे. फोन सुरू होताना सर्वांत आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. पुढे चालू होणाऱ्या प्रणालीवर कंपनीची गुप्त डिजिटल सही आहे की नाही, हे तो तपासतो. सही नसेल तर तो ती प्रणाली चालू देत नाही. दुकानदार ज्याला 'फोनला सॉफ्टवेअर मारणे' म्हणतात, ते काम कंपनीच्या सहीच्या सॉफ्टवेअरपुरते कोठेही होते. पण कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनमध्ये स्वयंसेवक प्रोग्रामरांनी तयार केलेली नवी प्रणाली घालायची, तर आधी हे कुलूप उघडावे लागते. आणि किल्ली कंपनीकडे!

काही कंपन्या ही किल्ली देतात, पण खाते उघडा, अर्ज करा, इतके दिवस थांबा, अशा अटी घालून. हुआवेने २०१८ साली किल्ल्या देणेच बंद केले. सॅमसंगच्या अनेक फोनांत कुलूप उघडून परकी प्रणाली घातली की आतील एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मग मूळ सॉफ्टवेअर परत घातले तरी तो डाग पुसला जात नाही. स्वतःच्या मालकीच्या वस्तूला हात लावल्याबद्दल मालकाला झालेली ही शिक्षा नव्हे, तर दुसरे काय?

पापनाशमचा दाखला

हा प्रश्न केवळ शहरी हौशी तरुणांचा आहे, असा काहींचा समज आहे. त्यांनी तंजावर जिल्ह्यातील पापनाशमकडे पाहावे. कावेरीच्या पाण्यावर भात पिकविणारा हा तालुका. गावालगत तिरुप्पालैत्तुरैच्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. त्यात तीन हजार कलम भात मावत असे, असे सांगतात. भात लावणारे हात एकाचे आणि कोठाराची किल्ली दुसऱ्याकडे, ही व्यवस्था या मुलखाने शतकानुशतके पाहिली.

आता किल्लीचे रूप बदलले आहे. तेव्हाच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेत १ जानेवारी २०२३ पासून देशभर मजुरांची हजेरी मोबाईलवरील अ‍ॅपमधून, छायाचित्रासह घेण्याची सक्ती झाली. हजेरी नोंदली नाही तर मजुरीवर गदा. म्हणजे भातखाचरांच्या या तालुक्यातही मजुराचा दाम कामाच्या जागी असलेल्या फोनच्या चालण्यावर लटकला. जो फोन मजुरीची अट बनतो तो चैनीची वस्तू राहत नाही. तो कुदळ-फावड्यासारखे श्रमाचे साधन बनतो. श्रमाच्या साधनावर कुलूप कोणाचे, हा प्रश्न मग वर्गीय प्रश्न बनतो.

याच तामिळनाडूत आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. २०११ ते २०१९ या काळात राज्य सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतील मुलामुलींना सुमारे ५० लाख लॅपटॉप मोफत दिले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला वाऱ्यावर सोडले, आणि विंडोज ११ ला लागणारी यंत्रसामग्री जुन्या लॅपटॉपांत नसते. तरी सर्वसाधारण लॅपटॉपची कहाणी तेथे संपत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्सची एखादी हलकी प्रणाली त्यात घालता येते आणि तो पुन्हा कामाला लागतो. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. मग तेच तंत्र, तसलीच चिप, तसलीच स्मृती असलेल्या फोनच्या बाबतीत हे का होऊ नये? कारण विज्ञानात नाही, मालकीच्या संबंधांत आहे. वैयक्तिक संगणक उघड्या दाराचा म्हणून वाढला. फोन घडविताना मक्तेदार कंपन्यांनी दार बंद करण्याची संधी साधली.

एक लाख फोनांचा धडा

महाराष्ट्राने या व्यवस्थेचा धडा २०२१ साली घेतला. २०१९ मध्ये राज्यातील सुमारे एक लाख अंगणवाड्यांना पोषण अभियानाखाली मोबाईल देण्यात आले होते. त्यांची स्मृती अवघी दोन जीबी. दोन वर्षांत ते तापू लागले, अडकू लागले. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्याच तुटपुंज्या मानधनावर पडत असल्याच्या तक्रारी आल्या. त्यात केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' हे नवे अ‍ॅप लादले. ते त्या फोनवर नीट चालेना आणि त्यात माहिती भरायची ती इंग्रजीत! अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये गावोगावच्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारच्या दारात परत नेऊन ठेवले. फेब्रुवारी २०२३ च्या बेमुदत संपातही नवे मोबाईल द्या, ही मागणी होतीच.

नवी प्रणाली घातल्याने दोन जीबीची स्मृती चार जीबी झाली नसती, हे उघड आहे. निकृष्ट माल तो निकृष्टच. परंतु एक लाख फोनांचे गिऱ्हाईक असलेले सरकार दुबळे गिऱ्हाईक नसते. खरेदीच्या करारातच किल्ली सरकारच्या हाती असावी, इतकी वर्षे नव्या आवृत्त्या मिळाव्यात, अशी अट घालता येते. कंपनीने पाठ फिरविली तरी अनावश्यक जाहिराती व अ‍ॅपे काढून टाकलेली हलकी, मराठी प्रणाली आपल्याच देशातील तंत्रज्ञांकडून त्यांत बसवून घेता येते. ज्या राज्यात आय. आय. टी. आहे, प्रगत संगणनाचे सी-डॅक आहे, त्या राज्यात हे अशक्य होते, असे कोण म्हणेल? अशक्य नव्हते, जनतेच्या पैशातून घेतलेल्या यंत्राची किल्ली जनतेकडे असावी, ही दृष्टीच सत्ताधाऱ्यांकडे नाही.

सामूहिक श्रमावर खाजगी कुंपण

अँड्रॉइडचा गाभा लिनक्स. तो जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांच्या सामूहिक श्रमातून उभा राहिला, आणि त्याच्या परवान्यानुसार तो वापरून माल विकणाऱ्याने आपल्या बदलांसह गाभ्याची संहिता लोकांना खुली करणे बंधनकारक आहे. तरीही कित्येक कंपन्या ती संहिता देण्यात चालढकल करतात, आणि चिप चालविणारे ड्रायव्हर तर बंद पेटीतच ठेवतात. गावाच्या गायरानात गुरे चारायची आणि दूध मात्र एकट्याने विकायचे, असा हा व्यवहार आहे.

गायरानाला कुंपण कसे पडते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. २००९ साली स्वयंसेवकांनी सायनोजेनमॉड ही खुली प्रणाली सुरू केली. कंपन्यांनी टाकून दिलेल्या असंख्य फोनांना तिने नवी आवृत्ती दिली. २०१३ मध्ये तिच्यावर भांडवलदारांच्या पैशाने कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्या कंपनीने भारतापुरते खास हक्क मायक्रोमॅक्सला दिले, आणि या हक्काच्या जोरावर डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वनप्लसच्या फोनविक्रीवर मनाई हुकूम मिळविण्यात आला. काही दिवसांतच खंडपीठाने तो उठविला. पण शेकडो हातांनी मिळून घडविलेल्या वस्तूवर देशाच्या सीमा आखून मक्ता विकता येतो, हे सर्वांनी पाहिले. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. स्वयंसेवकांनी मात्र तीच संहिता उचलून लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवले. भांडवल पळाले, श्रम टिकले!

गुगलच्या मक्तेदारीबद्दल तर खुद्द भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडच्या वेगळ्या वाटेने गेलेल्या आवृत्त्यांचे फोन उत्पादकांनी काढू नयेत, यासाठी केलेल्या करारांवरही त्या निकालात बोट ठेवले होते. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. भांडवलशाहीच्याच न्यायासनाने दिलेली ही कबुली आहे.

'सुरक्षिततेचा' कांगावा

कंपन्यांचा ठरलेला युक्तिवाद असा, की कुलूप ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी आहे. त्यात तथ्यांश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. उघड्या फोनमध्ये चोर वा लबाड माणूस घातक प्रणाली घुसवू शकतो. चुकीचे सॉफ्टवेअर मारले तर फोन विटेसारखा निर्जीव होतो. पण मुद्दा कुलूप असावे की नसावे हा नाहीच. घराला कुलूप हवे. म्हणून किल्ली बांधकाम ठेकेदाराने आपल्याकडे ठेवावी काय? गुगलच्याच पिक्सेल फोनांत मालकाला कुलूप उघडून, दुसरी प्रणाली घालून, स्वतःच्या किल्लीने ते पुन्हा लावता येते. म्हणजे सुरक्षितता आणि मालकाचा हक्क एकत्र नांदू शकतात. अडथळा तंत्राचा नाही, नफ्याचा आहे.

आणि खरी असुरक्षितता कोठे आहे? सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेला जुना फोन घेऊन बँकेचे व्यवहार करणारा गरीबच सर्वांत असुरक्षित असतो. त्याने खुली नवी प्रणाली घातली तर कित्येक बँकांची अ‍ॅपे 'हा फोन प्रमाणित नाही' म्हणून चालायचे नाकारतात. प्रमाणपत्र देणारी कोण? पुन्हा तीच गुगल! 'जुने यंत्र आता चालणार नाही' हे वाक्यही तितकेच फसवे आहे. २०१५ सालच्या फेअरफोन २ ला, चिप बनविणाऱ्या कंपनीने साथ सोडल्यावरही, खुल्या प्रणालीवरील कामाच्या आधाराने २०२३ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या.

मागण्या

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला, की फोनच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे त्याला सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत. भारतात २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने समिती नेमली गेली, संकेतस्थळ निघाले. कंपन्यांना बांधणारा असा कायदा मात्र झाला नाही. तेव्हा कामगार संघटनांनी, अंगणवाडी व आशा कर्मचाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि दुरुस्तीच्या टपऱ्यांवर पोट भरणाऱ्या कारागिरांनी पुढील मागण्या एकमुखाने मांडल्या पाहिजेत:

१. विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या व नव्या आवृत्त्या देणे कायद्याने बंधनकारक करा.

२. ही मुदत संपताच बूटलोडरची किल्ली विनाशुल्क, विनाअट मालकाला द्या आणि चिपचे ड्रायव्हर खुले करा.

३. सॉफ्टवेअर बदलले म्हणून यंत्राच्या भागांची हमी नाकारण्यास बंदी घाला.

४. सरकारी खरेदीत किल्ली सरकारकडे असल्याशिवाय एकही फोन घेऊ नका.

५. मजुरी, रेशन व पोषण यांची सरकारी अ‍ॅपे जुन्या फोनवर, लोकांच्या भाषेत आणि गुगलच्या प्रमाणपत्राविना चालली पाहिजेत. फोन चालला नाही म्हणून कोणाचीही मजुरी बुडता कामा नये.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची असावी, एवढेच त्या म्हणतात. ज्यांनी खाजगी मालमत्तेच्या नावाने शपथा घेतल्या, त्यांनाच या साध्या मागणीची धास्ती वाटते, यातच या व्यवस्थेचे सारे रहस्य आहे. २०२१ साली अंगणवाडी सेविकांनी निकामी फोन परत करून दाखविले. पुढचा लढा किल्ली ताब्यात घेण्याचा आहे!