शेवटचा तुकडा सोडा!

मॅन्डोलिन म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधला, मोहरीच्या शेतात उभा असलेला शाहरुख! पण आज आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत ते मॅन्डोलिन वाजत नाही, कापतं. आणि नीट हाताळलं नाही, तर काकडीबरोबर बोटही कापतं.

नाव परदेशी असलं तरी वस्तू अनोळखी नाही, बरं का. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर वेफर्स घालताना आई, काकू, मावशी ज्या किसणीवर बटाटे घासायच्या, ती चिप्सची किसणी याच खानदानातली. केळ्याचे वेफर्स करणारा ज्यावर सोललेलं केळं घासून थेट कढईत चकत्या पाडतो, तीही त्यातलीच. (हा उकळत्या तेलावरचा स्टंट घरी करायचा नाही. प्लीज!) मॅन्डोलिन म्हणजे या किसणीचं जरा शिकलेलं, सुटाबुटातलं भावंडं. काप किती जाड हवा ते त्यावर ठरवता येतं, आणि दुसरं पातं लावलं की गाजराच्या काडीपेटीसारख्या सळयाही निघतात.

आता तुम्ही म्हणाल, सुरी आहे की घरात! आहे ना. पण शनिवारी रात्री आठ जण जेवायला येणार आहेत आणि बिर्याणीसाठी किलोभर कांदा उभा चिरायचाय, तेव्हा सुरी आठवून बघा. कांदा एकसारखा चिरला गेला नाही तर तळताना निम्मा जळतो आणि निम्मा पांढराच राहतो. बटाट्याच्या कापांचंही तेच. एक काप जाड, एक पातळ असेल तर तव्यावर एक कच्चा राहणार, दुसरा करपणार. एकसारखी जाडी म्हणजे एकसारखं शिजणं, हा या यंत्राचा सगळा फंडा. वेफर्सला साधारण १ ते १.५ मिलिमीटर, सॅलडच्या काकडीला २, रवा लावून परतायच्या कापांना ५. मात्र खमंग काकडीच्या वाटेला मॅन्डोलिन घेऊन जाऊ नका. तिथे चोचवलेलीच काकडी हवी!

विळी आणि मॅन्डोलिन

आपल्याकडे विळीवर भराभर चिरणाऱ्या आज्या कमी नाहीत. विळीचं पातंही स्थिर असतं आणि हातच त्याच्याकडे जातो. मग मॅन्डोलिनलाच एवढं का घाबरायचं?

कारण विळीवर पातं तुमच्या डोळ्यांसमोर असतं. पाट पायाखाली दाबलेला असतो, भाजी दोन्ही हातांनी धरलेली असते, आणि धार कुठे आहे ते प्रत्येक क्षणी दिसत असतं. मॅन्डोलिनवर धार भाजीच्या खाली लपलेली असते. तुम्ही वरून जोर देऊन हात तिच्याकडे ढकलता, तोही वेगात. भाजी प्रत्येक फेरीला कमी होत जाते आणि बोटं तेवढीच धारेजवळ सरकतात. सुरुवातीच्या दहा फेऱ्यांत काहीच होत नाही, त्यामुळे हात निर्धास्त होतो, लय लागते, आणि नेमका तेव्हाच बटाटा संपत आलेला असतो.

घेताना काय बघाल?

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिली, आपली साधी चपटी प्लॅस्टिकची किसणी. स्वस्त आणि आटोपशीर, पण बहुतेक वेळा गार्ड नसतो. दुसरा, पाय असलेला स्टीलचा फ्रेंच धाटणीचा. भक्कम, पण जड आणि महाग. तिसरा, जपानी धाटणीचा हलका प्लॅस्टिकचा, तिरकं आणि भयंकर धारदार पातं असलेला. यातलं ‘बेनरिनर’ हे नाव शेफमंडळींच्या तोंडी असतं. (जपानीत ‘बेन्री’ म्हणजे सोयीचं.) चौथा, खटका दाबून चालवायचा उभा डबा. त्यात भाजी नळीतून आत जाते आणि हात पात्यापर्यंत पोचतच नाही. नवशिक्यांसाठी हा एकदम सही, फक्त मोठी भाजी आधी तुकडे करून घालावी लागते.

तुळशीबागेत गेलात तर लाजू नका, वस्तू हातात घेऊन बघा. टेबलावर ठेवून दाबल्यावर डुगडुगते का? खाली रबराचे पाय आहेत का? जाडीचा खटका ठरवलेल्या जागी घट्ट बसतो का? पातं पूर्ण झाकलं जाईल अशी बंद करायची सोय आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गार्ड. तो भाजी खरोखर पकडतो, की नुसता शोभेला आहे? दुकानात एखादं लिंबू टोचून बघायला काय हरकत आहे? ऑनलाइन घेत असाल तर गार्ड बरोबर येतो का आणि सुटं पातं मिळतं का, हे आधी वाचा. बोथट पात्याला जास्त जोर लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो. कापाच्या कडा फाटक्या दिसायला लागल्या की पातं बदलायची वेळ झाली.

त्याच ऑर्डरमध्ये कट-रेझिस्टंट ग्लोव्हजही टाका. युरोपातल्या ‘ईएन ३८८’ मानकात धारेला तोंड देण्याच्या ताकदीनुसार ए ते एफ अशी अक्षरं असतात. अक्षर जितकं पुढचं तितका हातमोजा दणकट. कोबीचा अर्धा गड्डा कुठल्याच गार्डमध्ये मावत नाही, तेव्हा हाच हातमोजा कामाला येतो. पण लक्षात ठेवा, तो हेल्मेटसारखा आहे. घातला म्हणून सिग्नल तोडायचा नसतो!

वापरताना

ओट्यावर आधी ओला फडका पसरा आणि त्यावर मॅन्डोलिन ठेवा, म्हणजे ते सरकणार नाही. हात कोरडे हवेत. जाडी आधी ठरवा, मध्येच नाही. बटाटा, कांदा, बीट असं काहीही गोल असेल तर अर्धं करून सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे ते गडगडणार नाही. रताळं, लाल भोपळा, सुरण अशा टणक मंडळींना फार जोर लागतो. त्यांना सुरीच बरी. पिकलेल्या टोमॅटोला व्ही आकाराचं पातं चालतं, साध्या पात्यावर त्याचा चिखल होतो.

गार्ड पहिल्या फेरीपासून लावा. ‘बटाटा लहान झाला की लावू’ असं ठरवणारे तो कधीच लावत नाहीत, कारण तोपर्यंत लय लागलेली असते. एका वेळी एकच काम. टीव्हीवर मॅच चालू असेल, फोन वाजला, बेल वाजली, तर आधी हात थांबवा, मग मान वळवा.

आणि आता मुख्य मुद्दा. शेवटचा दीड इंच सोडून द्या!

हे आपल्याला सगळ्यात जड जातं. अन्न टाकायचं नाही, हे आपल्यावर लहानपणापासून ठसवलंय, आणि ते चांगलंच आहे. पण तो तुकडा टाका असं म्हणतंय कोण? एक वाटी बाजूला ठेवा आणि सगळी बुडखं त्यात जमवा. बटाट्याची रश्श्यात जातील, गाजर-कोबीची थालीपिठात, काकडीची कोशिंबिरीत, कांद्याची उद्याच्या पोह्यांत. वाटी समोर असली की तो शेवटचा काप काढायचा मोह होत नाही. काटकसरही झाली, बोटंही शाबूत.

काम संपलं? अजून नाही!

तुम्ही काळजीने कापलंत, पाहुणे ‘वा वा’ म्हणाले, आणि मॅन्डोलिन गेलं सिंकमध्ये, साबणाच्या पाण्याखाली, ताटल्यांच्या ढिगात. सकाळी भांडी घासायला मावशी येतात आणि फेसात हात घालतात. त्यांना काय माहीत खाली काय आहे ते? त्यांच्या हाताला कापलं तर त्या दिवसाचीच नाही, पुढच्या चार घरांचीही कामं अडतात. गार्ड आणि ग्लोव्हज तुमच्यासाठी आहेत. त्यांच्याकडे काय आहे? म्हणून हा नियम पक्का करा: ज्याने वापरलं त्यानेच लगेच धुवायचं. नळाखाली धरा, स्पंज नको, लांब दांड्याचा ब्रश घ्या आणि पात्याच्या मागून धारेकडे फिरवा. पुसा, पातं बंद करा आणि खोक्यात ठेवा. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये नाही. घरात लहान मुलं असतील तर वरच्या फळीवर.

इतकं करूनही लागलंच तर? जखम वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कपड्याने घट्ट दाबा, हात छातीपेक्षा वर धरा आणि दहा मिनिटं दाब सोडू नका. थांबलं का, म्हणून मधून मधून उघडून बघू नका. हळद, कॉफी पावडर असले प्रयोग नकोत. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर थेट डॉक्टरांकडे. तुकडाच सुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा आणि सोबत न्या. तुकडा बर्फाला थेट लागू देऊ नका. आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

घाबरलात? घाबरू नका. मॅन्डोलिन घ्या, मस्त काप करा, वेफर्स करा, सॅलडचा डबा ऑफिसात मिरवा. फक्त ती बुडख्यांची वाटी विसरू नका. पात्याचा स्पेअर तुळशीबागेत मिळेलही कदाचित, बोटाचा नाही मिळत!