किल्ला नक्की कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत घरात दोन प्रकारची माती होते. एक किल्ल्यासाठी आणलेली आणि दुसरी आईने केलेल्या साफसफाईची. पहिलीचं सगळे कौतुक करतात, दुसरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पण आज माझी तक्रार मातीबद्दल नाहीच मुळी. तक्रार आहे ती मुलांचे किल्ले करणाऱ्या आई-बाबांबद्दल!

आमच्या सोसायटीत दरवर्षी किल्ल्यांची स्पर्धा असते. वयोगट ५ ते १४. पण संध्याकाळी खाली चक्कर मारली तर दिसतं काय, की ३५ ते ५० वयोगटातली मंडळी ऑफिसचे कपडे बदलून उकिडवी बसली आहेत, एकाच्या हातात थर्मोकोल कापायची सुरी, दुसऱ्याच्या हातात मोबाईलवर किल्ल्याचा नकाशा. आणि ज्याच्या नावावर किल्ला आहे तो स्पर्धक शेजारी उभा, हात लख्ख स्वच्छ. मधूनच आवाज येतो, "अरे, हात लावू नकोस, मोडेल!" ज्याच्या किल्ल्यात त्यालाच प्रवेश नाही असा किल्लेदार इतिहासात तरी कुठे झाला असेल का, सांगा बरं!

प्लॅस्टरचे तयार किल्ले घेणाऱ्यांना मात्र मी नावं ठेवत नाही हं. आपल्या लहानपणी माती अंगणात असायची, आता पार्किंगमध्ये फरशा असतात. माती नर्सरीतून पिशवीने विकत आणायची, वर वॉचमनकाकांची बोलणी खायची, आणि दोघंही नोकरी करणारे असले की लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीपर्यंत उसंत नसते. त्यांनी तयार किल्ला आणला, मुलांनी त्यावर मावळे मांडले, छान झालं. निदान खोटं तरी काही नाही त्यात.

आमच्याकडे गेल्या दिवाळीत कन्या आणि चिरंजीव यांचं संयुक्त सरकार होतं. (म्हणजे रोज दोनदा पडायचं.) साहित्य नेहमीचंच: विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, वर पेरायला हळीव आणि कारंज्यासाठी सलाईनची नळी. किल्ला कुठला? तर जंजिरा! कारण काय, तर त्याच्याभोवती पाणी असतं आणि पाण्यात खेळायला मिळतं. जंजिरा झाला, घमेल्यातला समुद्र झाला आणि सगळ्यात उंच जागी सिंहासनावर महाराज बसले.

आमचे सासरे म्हणजे इतिहासाचे पक्के. ते म्हणाले, "अरे बाळा, जंजिरा महाराजांना मिळालाच नाही. तो शेवटपर्यंत सिद्दीकडेच राहिला. म्हणून तर १६६४ साली त्यांनी मालवणला सिंधुदुर्ग बांधायला घेतला."

चिरंजीवांनी क्षणभर विचार केला. "हो आजोबा, पण आता घेतला ना आम्ही!"

यावर आजोबांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच नातवाला तोफा कुठे ठेवाव्यात ते विचारत होते. विचारत होते बरं का, सांगत नव्हते. हा फरक ज्याला कळला त्याला आजोबा व्हायचा अधिकार आहे.

मग दरवाजाचं प्रकरण. कन्येने दरवाजा अगदी समोर, सरळ केला होता. खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू दर अर्ध्या तासाने थेट आत घुसून चार-पाच मावळे आडवे करायचा. रडारड, भांडणं, तह. तिसऱ्या वेळी तिने काय केलं, दरवाजासमोर एक वळणारी भिंत घातली आणि वाट वाकडी करून टाकली. चेंडू भिंतीवर आपटून परत! रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असाच लपवलेला आहे, त्याला गोमुखी बांधणी म्हणतात, हे तिला आजोबांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती "हं" म्हणून मोकळी झाली असती. आता ती भेटेल त्याला गोमुखी दरवाजा समजावून सांगते, अगदी दूधवाल्यालासुद्धा.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाबांनी इंटरनेटवर बघून बिनचूक गोमुखी दरवाजा केला असता, तर किल्ला देखणा झाला असता आणि ती गोष्ट मात्र बाबांनाच कळली असती. ढासळलेला बुरुज, फार पाणी घातल्याने वाहून गेलेला हळीव, दरवाजापेक्षा उंच मावळा, वाघाएवढाच ट्रॅफिक पोलीस, हे सगळं मुलांचं शिक्षण आहे. ते आपण त्यांच्या हातातून काढून घेतो आणि वर म्हणतो, "हल्लीच्या मुलांना कशात रसच नाही!" अहो, कसा असेल? रस काढून चोथाच देतोय आपण त्यांना.

आणि हे आता वाढणार, याची मला धास्ती आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. फार अभिमानाची गोष्ट. पण आता "हुबेहूब प्रतिकृती"चा आग्रह अजून वाढेल आणि हुबेहूब म्हटलं की मुलं बाजूला आणि बाबा मापपट्टी घेऊन पुढे, हे ठरलेलंच!

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एक सूचना मांडणार आहे. बाबांना बंदी वगैरे नको, बिचाऱ्यांची हौस राहून गेलेली असते. त्यांच्यासाठी वेगळा खुला गट ठेवा, चांगलं स्टीलच्या डब्याचं बक्षीस द्या. मुलांच्या गटात मोठ्यांना तीनच कामं: माती वाहून आणणं, मागितली तरच मदत करणं आणि बाथरूमची तुंबलेली मोरी काढणं.

यातलं तिसरं काम आजवर घरोघरी कोण करत आलंय, ते वेगळं सांगायला नको. त्यात मात्र बाबांनी जरूर पुढाकार घ्यावा. तिथे माझी अजिबात हरकत नाही!